कायाक घेऊन जायचं कुठे? (पुणे, सातारा, कोकण आणि आसपास)

वल्हेकरी

दिवाळी झाली की माझ्या व्यनिपेटीत (खासगी निरोपांत) दोनच प्रश्न येतात. "कायाक कोणती घेऊ?" आणि "पुण्याजवळ कुठे नेता येईल?" कायाक म्हणजे एक-दोन माणसांची वल्हवायची अरुंद होडी. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच लिहितो. ज्यांना माझ्याहून जास्त कळतं ते येऊन भर घालतीलच.

आधी दुसरा प्रश्न, कारण पहिल्याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडची जवळजवळ प्रत्येक मोठी नदी कुठे ना कुठे अडवलेली आहे. वर धरण, खाली ओळीने बंधारे. तेव्हा जागा किती देखणी आहे हे नंतर बघू, आधी इथलं पाणी कोण सोडतं आणि कधी सोडतं ते विचारायचं. माझ्या मते नवीन माणसाला एवढी एकच गोष्ट शिकवली तरी पुरे. वल्हं मारणं अर्ध्या तासात जमतं.

कोलाडची कुंडलिका घ्या. एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या बाकीच्या नद्यांची डबकी झालेली असतात, आणि ही मात्र सकाळी फेसाळत वाहते. ते पाणी मुळात तिचं नाहीच. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याला टाटांच्या वीजघरात उतरतं, जनित्रं फिरवून बाहेर पडतं आणि कुंडलिकेला मिळतं. १९२७ पासून हे चालू आहे. सकाळी पाणी सुटलं की राफ्टिंगवाल्यांची लगबग सुरू होते. दुपारी त्याच जागी उघडे दगड दिसतात, आणि त्या दगडांवर जाऊन बसायचा मोह सगळ्यांना होतो. बसू नका. पुन्हा पाणी सुटलं की बघता बघता चढतं. खालच्या संथ टप्प्यात कायाक भाड्याने मिळते आणि सोबत माणूस असतो. पहिल्यांदा वल्हं हातात धरायला ती जागा चांगली आहे.

स्वतःची कायाक असेल तर सुरुवात धरणाच्या फुगवट्यातच, म्हणजे भिंतीमागे साठलेल्या पाण्यातच करा. पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी. जरा लांब भंडारदरा. आणि सगळ्यांत मोठा शिवसागर, म्हणजे कोयनेचा फुगवटा, तापोळा-बामणोलीच्या बाजूने. हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. तेव्हा धरणं भरलेली असतात, पाणी गवतापर्यंत आलेलं असतं, उतरायला चिखल तुडवावा लागत नाही. मार्चनंतर पाणी मागे सरकतं आणि काठावर गुडघाभर गाळ उरतो. बुडालेल्या झाडांची खुंटं पृष्ठभागाच्या वीतभर खाली येऊन थांबतात. हवा भरायच्या कायाकला याहून वाईट काही नाही. मात्र पाणी उतरल्यावर पवनेत वाघेश्वराचं देऊळ वर येतं आणि उजनीत पळसदेवचं. देवळाला वळसा घालून वल्हवत जायची हौस असेल तर ते पाणी नेमकं उतरत असतानाच्या दिवसांत जमतं. तो मुहूर्त स्थानिक माणसाला विचारूनच काढायचा.

आता वारा. लोक पाण्याला घाबरतात आणि वाऱ्याकडे बघतही नाहीत. सकाळी सहाला पानशेतचं पाणी हलत नसतं. दहा-साडेदहानंतर डोंगरावरून वारा उतरायला लागतो आणि लांबट जलाशयात त्याला पसरायला जागा मिळाली की फूटभर लाटा सहज उठतात. हवेची कायाक तर त्यात पतंगासारखी भरकटते. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि दमल्यावर परत येताना वारा पाठीशी ठेवायचा. उलट करणारे लोक दुपारी पलीकडच्या काठावरून गाडीवाल्याला फोन लावताना दिसतात. आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दिसले की गुमान काठ गाठायचा. उजनीत २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. ती रोजची वाहतूक होती, सहलीची बोट नव्हे.

वाहत्या नदीत उतरायचं असेल तर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे समजून घ्या. पावसाळा संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांत बरगे (पाणी अडवायच्या आडव्या फळ्या) घालतात, पावसाळ्याआधी काढतात. बरगे घातलेला बंधारा वरून येणाऱ्याला दिसतच नाही. नदी एकदम संथ होते, रुंद होते, आणि पुढे पाण्याची एक सरळ रेघ दिसते. रेघेच्या पलीकडे झाडांचे नुसते शेंडे. ती रेघ दिसली की काठाला लागायचं. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली गेल्यावर उलटं फिरून पुन्हा भिंतीकडेच येतं, त्यामुळे तिथे पडलेली वस्तू बाहेर वाहून न जाता तिथेच घुसळत राहते. लाकडाचा ओंडका तासन्‌तास तसा फिरताना मी बघितला आहे. चार-पाच फुटांचा बंधारा बघून "एवढंच तर आहे" म्हणणाऱ्यांना मी सोबत नेत नाही. कायाक खांद्यावर घ्या, पन्नास पावलं चाला, खाली सोडा.

सामानाबद्दल थोडक्यात. कायाकचं वल्हं दोन्ही टोकांना पात्याचं आणि बसायचं पाय लांब करून. कनू या दुसऱ्या प्रकारच्या होडीला एका पात्याचं वल्हं आणि बसायला आडवी फळी किंवा सरळ गुडघ्यांवर. आपल्याकडे कनू फारशी दिसत नाही, त्यामुळे निवड तीन प्रकारांत: वर बसायची कडक प्लॅस्टिकची, आत बसायची, आणि हवा भरायची. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने तिसरी घ्यावी. कडक कायाक वीस-पंचवीस किलोची असते. ती ठेवायला वाड्याची पडवी लागते आणि टपावर चढवायला एक सहनशील मेहुणा. हवेच्या कायाकला सकाळी गारव्यात ठासून हवा भरून दुपारी उन्हात काठावर ठेवू नका, शिवण सुटते. जेवायला बसण्याआधी थोडी हवा सोडा.

लाइफ जॅकेटवर मात्र पैसे वाचवू नका. ५० न्यूटनचं (हे तरंगवायच्या जोराचं माप) जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं, ते फक्त मदत करतं. पोहता येत नसेल तर १०० किंवा त्यावरचं घ्या. आणि मापाचं घ्या: खांद्याचे पट्टे धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते तुमचं नाही.

शेवटचं, परवानगी. बहुतेक जलाशय जलसंपदा विभागाचे आहेत, मुळशी टाटांचं. जिथे "पाण्यात उतरण्यास सक्त मनाई" लिहिलं आहे तिथे ते वाचून परत फिरा. भिंत, सांडवा, दरवाजे यांच्या आसपास फिरकायचंच नाही. बाकी ठिकाणी गावात विचारून उतरलं तर सहसा कुणी काही म्हणत नाही, उलट गाडीकडे लक्ष ठेवतात.

चहाबाज

आम्ही काठावर बसून कांदाभजी खाणाऱ्या पंथातले. तरी वाचनखूण साठवली आहे. सहनशील मेहुण्याची जागा रिकामी असल्यास कळवा, आमच्याकडे दोन आहेत.

कृष्णाकाठी

उत्तम धागा. वल्हेकरी, एक मोठी गोष्ट राहिली राव. मगरी!

आमच्याकडे भिलवडी, औदुंबर, खाली हरिपूरच्या वारणा संगमापर्यंत कृष्णेत मगरी आहेत, आणि थोड्याथोडक्या नाहीत. डिसेंबर-जानेवारीत सकाळी ऊन खायला मळीवर (काठच्या गाळाच्या जमिनीवर) येऊन पडतात. लांबून बघितलं तर चिखलाने माखलेला ओंडकाच वाटतो. उन्हाळ्यात मादी काठावर वाळूत अंडी घालते, तेव्हा तिच्या जागेजवळ कायाक लावणं म्हणजे मार खायची कामं. आमच्याकडे धुणं धुणाऱ्या बायका आणि मोटारीचा फुटव्हॉल्व्ह काढायला पाण्यात उतरणारे शेतकरी जीव मुठीत धरून असतात, आणि पुण्यामुंबईची पोरं येऊन विचारतात, "इथे कायाकिंग होतं का?" चिपळूणच्या वाशिष्ठीतही तेच. तिथे निदान मगरी दाखवायला बोटी नेतात. त्या बोटीतून बघा की.

बाकी सांगलीला होडीचं वेड जुनं आहे. कृष्णेवर होड्यांच्या शर्यती लागल्या की आयर्विन पुलावर पाय ठेवायला जागा नसते. त्याच पुलावर पाण्याची पातळी मोजतात: ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी "रामराम" च्या जागी "किती फूट?" विचारतात. पुराच्या वेळी गुळाच्या काहिलीत बसून माणसं पार झालेली आम्ही बघितली आहेत. गोल, बुडाला चपटी, कुठे फिरेल त्याचा नेम नाही. तुमच्या त्या कायाका त्यापुढे मर्सिडीज.

वल्हेकरी

@कृष्णाकाठी, मगरींचं बरोबर. सांगली ते मिरज मी कायाक कधी सुचवणार नाही. महाडजवळ सावित्रीतही आहेत, आणि मुंबईकरांनो, पवईतही.

अजून_एक_पुणेकर

एवढं पानशेत-मुळशी करता, पण नदी घराजवळून वाहते तिचं काय? संगमाजवळ सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचा बोट क्लब आहे, त्यांचा रेगाटा (होड्यांचा सोहळा) १९२८ पासून होतो. त्याच नदीवर रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या नदीत लोक हौसेने वल्हवत होते, आणि आज आम्ही पुलावरून नाक दाबून जातो. आमचे मामा सीओईपीचे. रेगाटाच्या रात्री मशाली घेऊन होड्यांची रांग पाण्यावर नक्षी कशी करते ते सांगताना अजून त्यांचे डोळे चमकतात. सराव करून आल्यावर आजी त्यांना अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नसे, हेही तेच सांगतात.

रानवाटा

+१. बंडगार्डनच्या वर जानेवारी-फेब्रुवारीत जलपर्णी इतकी दाट असते की त्यावर बगळे चालतात. त्यात वल्हं घातलं तर मुळांसकट वर येतं. शिवाय अंगावर एखादी जखम असताना असल्या पाण्यात उतरणं शहाणपणाचं नाही. लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिसचं) दुखणं उंदरांच्या मुतातून पाण्यात येतं आणि जखमेतून शरीरात. मुळा-मुठेत उतरणाऱ्यांना मी धाडसी म्हणेन, पण घरातल्या कुणाला पाठवणार नाही.

भिगवणचा

मी उजनीच्या काठचा. चुलते आयुष्यभर जाळं टाकत आले, मी सध्या पक्षी दाखवायला होडी चालवतो. पाहुण्यांबद्दल तक्रार नाही, आमचं पोट त्यावर आहे. पण धाग्यात सगळं लिहिलं आणि जाळ्यांबद्दल एक अक्षर नाही.

जाळी आम्ही संध्याकाळी लावतो आणि पहाटे काढतो. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा प्लॅस्टिकच्या बाटल्या एका ओळीत दिसल्या तर खाली जाळं आहे. दोन बाटल्यांच्या मधून कायाक घालायची नाही, कडेने वळसा मारायचा. मागच्या हंगामात एक जण मधून गेला, त्याच्या कायाकचा खालचा पंख जाळ्यात अडकला, आणि पठ्ठ्याने खिशातला चाकू काढून जाळं कापलं. वर "कचरा अडकला होता" म्हणून व्हिडिओ टाकला. ते जाळं त्या माणसाच्या बुटापेक्षा महाग होतं. आम्हाला हाक मारली असती तर दोन मिनिटांत सोडवून दिलं असतं.

दुसरं, पक्षी. रोहित पक्षी उथळ पाण्यात चरायला उभे असतात. तुम्ही कायाक घेऊन बुटके होऊन आवाज न करता जाता, म्हणून वाटतं की त्यांना कळत नाही. त्यांना कळतं. माना वर झाल्या, सगळा थवा एकाच दिशेला चालायला लागला, की तिथेच थांबायचं. त्याच्या पुढे गेलात की उडणार. एकदा उडाले की चरणं बंद. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून येतात, त्यांना इथे तरी सुखाने चार घास खाऊ द्या. उडतानाचा फोटो चांगला येतो हे आम्हालाही माहीत आहे, गिऱ्हाईक वरचे पैसे द्यायला तयार असतं. मी नेत नाही.

खोडसाळ

@भिगवणचा, पटलं. पण मग तुमच्या इंजिनाच्या होड्यांनी पक्षी उडत नाहीत का? की इंजिन स्थानिक असलं की आवाज कमी होतो? ;) (हलके घ्या.)

भिगवणचा

उडतात. म्हणून आमच्यातले जुने लोक थवा दिसला की इंजिन बंद करून बांबूने होडी ढकलतात. सगळे करत नाहीत, खरं आहे. न करणाऱ्याच्या होडीत बसू नका, एवढं तुमच्या हातात आहे. आणि दुपारच्या जेवणाला या, चिलापी मासा खाऊन जा, मग भांडू.

खोडसाळ

शब्द मागे घेतो. चिलापी तळलेली की रस्सा?

झाडीपट्टी

पुण्याकडचे लोक धरण-धरण करून राहिले, जरा इकडे गोंदिया-भंडाऱ्याकडेही या जी. आमच्याकडे डोंगा आहे. झाडाचं एकच खोड कोरून केलेला, पोट गोल, आत एक-दोन माणसं. आमचे ढिवर (मासेमार) बांधव त्यात उभे राहून एका हाताने बांबू मारतात आणि दुसऱ्या हाताने जाळं सोडतात. मी लहानपणी बसून पाहिला, दहा हात जायच्या आत पाण्यात. उभं राहणं तर लांबच.

तलाव आमच्याकडे मोप आहेत. कोहळी लोकांनी बांधलेले, शेकडो वर्षांचे, मालगुजारी तलाव म्हणतात. नवेगावबांध त्यातला मोठा. धरणासारखा खोल खड्डा नाही, काठ पसरट, मध्ये कमळं, कडेला शिंगाड्याचे वेल. हिवाळ्यात पाखरांचा बाजार भरते. पण शिंगाड्यात होडी घालू नका बाप्पा, ते कोणाचं तरी पीक राहते. वेलाला काटे, वल्हं गुंतते, आणि मालक काठावरून शिव्या देते ते वेगळं.

डोंग्याची एक गोष्ट तुमच्या कायाकवाल्यांनी शिकण्यासारखी आहे. ढिवर डोंग्यात चढताना आधी पाय नाही ठेवत. दोन्ही काठांवर हात ठेवते, वजन मधोमध घेते, मग बसते. काठावर पाय देऊन चढणारा पडतेच.

मंजूषा_क

एक साधा प्रश्न, कुणी हसू नका. मला पोहता येत नाही. वय ५२. मुलगा म्हणतो आई जॅकेट आहे ना, चल. जावं का?

वल्हेकरी

@मंजूषाताई, जा. मात्र एक अट घाला: पहिल्या दिवशी लांब कुठे जायचं नाही, काठाजवळ छातीभर पाण्यात मुद्दाम कायाक उलटवायची आणि परत वर चढायचं. जॅकेट घालून पाण्यात पडल्यावर काय वाटतं हे अंगाला कळलं की निम्मी भीती जाते.

वर बसायच्या कायाकवर चढणं असं असतं. कायाक उलटी झाली असेल तर आधी सुलटी करायची. मग बाजूने मध्यभागी यायचं, एक हात जवळच्या कडेवर, दुसरा पलीकडच्या पट्ट्यावर. सरळ वर उडी मारायला गेलात तर कायाक अंगावर येते. त्याऐवजी पाय मागे सोडून अंग पाण्यावर आडवं करायचं, पायांनी जोरात पाणी मारायचं आणि कायाक स्वतःच्या पोटाखाली ओढायची. पोट आडवं पडलं की जरा दम खायचा. मग पाठीवर वळायचं, बूड जागेवर आणायचं, शेवटी पाय आत. पोट, बूड, पाय, हा क्रम. पहिल्या वेळी सगळ्यांचंच बेडूक होतं, त्यात लाजायचं काही नाही.

मुलगा जर म्हणाला "याची काही गरज नाही", तर त्याला आधी उलटवा.

मंजूषा_क

शेवटचं वाक्य त्याला वाचून दाखवलं. धन्यवाद!

देवबागकरीण

कोकणाबद्दल कोणी लिहीना म्हणून मीच लिहिते. आमच्या कर्ली नदीत देवबाग ते वर तारकर्लीच्या मागच्या बाजूने, खारफुटीच्या आडोशाने कायाक छान चालते. वारा कमी, पाणी संथ. पण आमच्याकडे धरणाचा दरवाजा नसला तरी दिवसातून दोनदा समुद्र पाणी आत ढकलतो आणि दोनदा ओढून नेतो. त्या वेळा माहीत नसताना उतरणाऱ्या पर्यटकांना आणायला आमचे भाऊ जातात.

आमच्या घरात अजून तिथीवर हिशेब चालतो. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पुनवेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. मिनिटावर जुळत नाही, मोबाइलवर कोष्टक असतं ते बघा, पण पडताळा घ्यायला हा हिशेब कामाचा. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा पाण्याची ओढ जास्त. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, म्हणजे ओढ कमी, नवशिक्यांनी तेव्हा यावं.

भरती चढत असताना नदीत वरच्या अंगाला जायचं आणि सुकतीबरोबर खाली यायचं, फुकटचा प्रवास. मात्र सुकती जोरात असताना मुखाकडे जाऊ नका. देवबागच्या टोकाला कर्ली समुद्राला मिळते, तिथे बाहेर जाणारं नदीचं पाणी आणि आत येणारी लाट एकमेकांवर आदळतात. पलीकडे भोगव्याचा किनारा हाताच्या अंतरावर दिसतो आणि माणूस फसतो. आमच्यातले वल्हवणारे जुने लोकसुद्धा पाणी बघून, थांबून, मग पार होतात. मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत तर सगळंच बंद असतं, तेव्हा फोन करून "एक फेरी मारू द्या ना" म्हणू नका.

सह्याद्रीपुत्र

मला खरं पांढऱ्या (वेगाने फेसाळणाऱ्या) पाण्यात कायाक चालवायची आहे. राफ्ट नको, स्वतः. कुठे शिकू?

रानवाटा

@सह्याद्रीपुत्र, आपल्या बाजूला पर्याय मोजके. गोव्यात सत्तरीत म्हादईवर पावसाळ्यात राफ्टिंग होतं, उस्तेच्या बाजूने. पाणी पूर्णपणे पावसावर. काळी नदीवर गणेशगुडीला सुपा धरणाच्या विसर्गावर चालतं, कोल्हापूर-बेळगावकरांना जवळ. पण ही दोन्ही ठिकाणं मुख्यतः राफ्टची. कायाक शिकायची तर केरळात कोळिक्कोडला तुषारगिरीजवळ चालिप्पुळा आणि इरुवञ्ञिप्पुळा या नद्यांवर पावसाळ्यात मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो, परदेशातून कायाकवाले येतात. तिथे जाऊन आधी बघ. आणि शिकायला ऋषिकेशला जा, हिवाळ्याच्या दोन्ही बाजूंना. कायाकमध्ये बसल्या बसल्या पाण्याखालून परत सरळ होणं, ज्याला रोल म्हणतात, ते तलावात आलं पाहिजे, मग नदी. यूट्यूबवर बघून ते येत नाही. डोकं पाण्याखाली, नाकात पाणी, आणि शरीर सांगतं की आधी डोकं वर काढ. आधी डोकं वर काढलं की रोल फसतोच. डोकं सगळ्यांत शेवटी वर येतं.

मिनेसोटाकर

इथे अमेरिकेत बाउंडरी वॉटर्समध्ये कनू चालवतो म्हणून दोन पैसे. हजाराहून जास्त तळी, कॅनडाच्या सीमेला लागून, बहुतेक भागात मोटरबोटीला बंदी. १ मे ते ३० सप्टेंबर रोजचे परवाने मोजून देतात. एका गटात नऊ माणसं, चार होड्या, त्यापुढे नाही. डबे-बाटल्या न्यायला बंदी, खाणं पिशव्यांतून न्यायचं. माझी बायको त्यामुळे मेतकूट-भाताची कट्टर पुरस्कर्ती झाली आहे. तळ्याकाठी चुलीवर भात आणि वर मेतकूट, एकही डबा लागत नाही.

एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर कनू डोक्यावर उलटी घेऊन पायवाटेने चालायचं. ते अंतर रॉडमध्ये लिहिलेलं असतं, एक रॉड साडेसोळा फूट, जवळपास एका कनूची लांबी. वल्हेकरींचा "पन्नास पावलं चाला" हा सल्ला वाचून म्हणूनच ओळखीचं वाटलं.

पण मला तुमच्याकडची एक गोष्ट हवीहवीशी वाटते. इथे मे महिन्यात पाणी इतकं गार असतं की पडलात तर पहिल्या मिनिटाला श्वासच लागत नाही, हात काम करेनासे होतात. पोहता येऊन उपयोग नाही. तुम्ही डिसेंबरात पानशेतला पडलात तर फार तर शिव्या द्याल.

खोडसाळ

पानशेतला डिसेंबरात पहाटे पडून बघा, मग "फार तर शिव्या" म्हणा. :)

इतिहासवेडा

अवांतर, पण भिऱ्याचा उल्लेख आला म्हणून. वल्हेकरींनी लिहिलं की कुंडलिकेतलं पाणी तिचं नाही. ते मुळा नदीचं, म्हणजे पूर्वेला भीमेला जाणारं. टाटांच्या या धरणासाठी गावं बुडणार म्हणून मावळ्यांनी १९२१ ला मुळशीचा सत्याग्रह केला, सेनापती ही पदवी बापटांना तिथूनच चिकटली. सत्याग्रह फसला, धरण झालं. कोलाडला राफ्टमध्ये ओरडताना हे आठवावं असं मी म्हणत नाही, पण काठावरच्या फलकावर दोन ओळी लिहायला काय हरकत आहे?

आणि पानशेतवाल्यांनो, १२ जुलै १९६१ ला तेच पानशेत फुटलं होतं, पाठोपाठ खडकवासला. पुण्यात आजही काही जुन्या घरांवर पुराच्या पाण्याची खूण दाखवतात.

वल्हेकरी

@इतिहासवेडा, फलकाची कल्पना आवडली.

@भिगवणचा, जाळ्यांचा मुद्दा मूळ लेखात हवा होता हे खरं. संपादकांना विनंती, त्यांचा प्रतिसाद धाग्याच्या वर आणता आला तर बघा. @देवबागकरीण, तिथीचा हिशेब वहीत उतरवून घेतला.

आता कट्टा, म्हणजे भेटायचा बेत. येत्या रविवारी पानशेतच्या फुगवट्यात जायचा विचार आहे. पहाटे साडेपाचला सिंहगड रस्त्यावरून निघू, साडेनऊला पाण्याबाहेर. वाऱ्याचा अंदाज बघून शनिवारी रात्री नक्की करतो. ताशी पंधरा किलोमीटरच्या वर दिसला तर रद्द, मग भज्यांचा कट्टा. तीन कायाक आहेत, दोन जागा रिकाम्या.

चहाबाज

भज्यांचा असेल तर मी आहे. वारा जोरात सुटो.

नवखा_२०

माझ्याकडे हवेची कायाक आहे, गाडी नाही. स्वारगेटहून पानशेतच्या एसटीत घेऊ देतात का?

वल्हेकरी

घडी घालून पिशवीत असेल तर कंडक्टर बहुतेक वेळा काही म्हणत नाही, मागच्या बाकाखाली सरकवायची. पंप मात्र मांडीवर घे, नाहीतर त्याचा दांडा पुढच्याच्या पाठीत लागतो. रविवारी येणार असशील तर एसटीच्या भानगडीत पडू नकोस, वडगाव पुलाखाली थांब, उचलतो.